मामा, तू मला ढकललं नव्हतं

मामा, तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी उभीच होती. तिरुपूरच्या कंपनीत मी चेकिंगला आहे. शिवून आलेल्या बनियनची शिलाई तपासायची, धागा सुटला असेल तर कापायचा, डाग असेल तर बाजूला टाकायचं. बसायला काही नसते. सकाळी उभं राहायचं, मधे जेवणाची सुट्टी, मग परत संध्याकाळपर्यंत उभं. ज्या पोरीला खाटेवरून उठता येत नव्हतं तिला हे काम जमते, ते तुझ्यामुळे. रोज उभी राहताना तुझी आठवण यायची, पण तुला तसं कधी म्हटलं नाही. सांगायच्या बऱ्याच गोष्टी राहिल्या. त्यातली एक आधी सांगितल्याशिवाय मला बाकीच्या सांगायचा हक्क नाही.

त्या दिवशी हॉस्टेलवर मी बॅग भरत होती आणि रडत होती. माझ्या खोलीतली सबिता, ओडिशाची पोरगी, माझे कपडे घडी करून देत होती. मधेच थांबली आणि म्हणाली, "कौनसा मामा? वही, जिसने तुझे खेत में धक्का दिया था?"

मी मान हलवली.

"उसके लिए इतना रो रही है? तेरा दिल बहुत बड़ा है, वैशाली."

माझं रडणं तिथल्या तिथं थांबलं. फार लाज वाटली की रडूही येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

तिथं माझ्या पायाबद्दल सगळ्यांना हेच माहीत आहे, मामा. थकली की माझा उजवा पंजा नीट उचलत नाही, फरशीवर चप्पल फटफट वाजते. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, लहानपणी मामानं शेताच्या धुऱ्यावरून ढकललं. धुऱ्याला, म्हणजे बांधाला, हिंदीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. ते मी एका युपीच्या पोरीला विचारून घेतलं. मेड़. तुझ्यावर खोटा आळ घ्यायला मी शब्द उसना मागितला.

ब्लड कॅन्सर झाला होता असं सांगायची हिंमत नव्हती. ताट वेगळं ठेवतील, ठेकेदार घरी पाठवून देईल, गावाकडच्या कोणी ऐकलं तर लग्नाच्या वेळी गोष्ट निघेल, असं काय काय डोक्यात येत होतं. पण ते खोटं इतक्या लवकर तोंडात आलं, कारण ते नवीन नव्हतं. ते मी सहा वर्षांपूर्वी आईला सांगून ठेवलेलं होतं.

नागपूरच्या दवाखान्यातून मला कायमची घरी आणली तेव्हा मी पंधरा वर्षांची होती. इंजेक्शनं, गोळ्या, पाठीच्या मणक्यातली सुई, सगळं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, आता रोग नाही. घरच्यांना वाटलं, संपलं एकदाचं. पण औषधांनी पायाच्या नसा कमजोर करून ठेवल्या होत्या. पंजे लोंबायचे. चप्पल पायातून सुटून मागं राहायची आणि मला कळायचंही नाही. नववीतच शाळा सुटली होती, माझ्या वर्गातल्या पोरी दहावीच्या पेपरची गोष्ट करत घरासमोरून जायच्या. आई मला पाण्याचा गिलासही उचलू देत नव्हती. जो भेटायला येईल तो म्हणे, "आराम करू द्या बापा पोरीले. मोठ्या दुखण्यातून उठली." उठली कुठं होती? झोपूनच होती.

दवाखान्यातल्या व्यायामवाल्या मॅडमनं निघताना एक कागद दिला होता. खुर्चीवरून उठणारी बाई, टाचेवर चालणारी बाई, एका पायावर उभी राहणारी बाई, अशी चित्रं होती त्यावर. बाबांनी तो फाईलमध्ये ठेवला. आमच्या घरी दवाखान्याची फाईल म्हणजे सातबाऱ्यासारखी. प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळायची, पेटीत ठेवायची, वरून कुलूप. पुढच्या तारखेलाच काढायची. एखादा कागद हरवला तर इलाज बंद होईल असं बाबांना वाटायचं. त्यामुळे सगळे रिपोर्ट नीट राहिले आणि माझा व्यायामही पेटीत बंद राहिला.

तू वरठीच्या प्लांटमधून सुटून आपल्या गावी जाताना आमच्याच घरासमोरून जायचा. एक दिवस चहाला थांबला, तर बाबांनी तारखेसाठी फाईल काढलेली. तू खाली बसून एकेक कागद पाहत होता.

"भाऊजी, हे कायचे चित्र होय?"

"व्यायामाचा कागद होय तो. मॅडमनं देल्ला."

"मंग करते का पोरगी?"

"जपून ठेवला आहे ना."

तू हसत सुटला. "वा भाऊजी! भाकरबी पेटीत ठेवा, पोट भरते का पाहू."

त्या कागदावर मॅडमचा नंबर होता. तू तिथंच बसून फोन लावला आणि आठ-दहा गोष्टी विचारल्या. किती वेळ, ताप असला तर काय, दम लागला तर काय. दुसऱ्या दिवसापासून माझी पाळी लागली. तू त्याला पाळीच म्हणायचा, प्लांटसारखी. "उठा मॅडम, पाळी सुरू झाली. आज दांडी चालणार नाई." आपला गमछा माझ्या पंजाला अडकवून म्हणायचा, वढ आपल्याकडं. अंगणात विटकरीनं रेघ मारून म्हणायचा, टाचेवर चाल. मी तुला किती शिव्या दिल्या असतील मनातल्या मनात. काही तोंडानंही दिल्या. तू म्हणायचा, "दे, दे. शिवी द्याले जेवढा दम लागते तेवढा आला म्हणजे पोरगी सुधरून राहिली."

महिना-दीड महिन्यानं तू मला धुऱ्यावर नेलं. ओबडधोबड जागेवर चालली तर तोल सुधारेल, पण हात सोडू नका, असं मॅडमनं सांगितलं होतं. रोवण्याचे दिवस होते. बांध्यांमध्ये, धानाच्या वाफ्यांमध्ये, गुडघाभर चिखल, बायका ओळीनं वाकून धान रोवत होत्या. त्यांच्यात माझ्या वर्गातली प्रणालीही होती, आपल्या आईसोबत. माझे केस तेव्हा जेमतेम बोटभर आले होते, मी डोक्याला ओढणी बांधली होती. तू पुढं, मी मागं, माझा हात तुझ्या हातात.

प्रणाली ओरडली, "पाहा वो, मामा बकरी चाराले घेऊन चालला!"

सगळ्या बायका हसल्या. त्यात वाईट काही नव्हतं, कामाच्या कंटाळ्यात माणूस हसतेच. पण मला आग लागली.

"सोड माहा हात."

"नाई सोडत. मॅडमनं सांगतलं."

"सोड म्हणते ना!"

मी सगळा जोर लावून हात ओढला. तू धरून ठेवला, मी पिळून काढला. उजवा पंजा गवतात अडकला आणि मी बांधीत पडली, डावा हात अंगाखाली. मनगट मोडलं. बायकांना झटापट तेवढी दिसली. "लेकराले मारून टाकतं का गा!" म्हणत धावल्या. तू मला चिखलासकट खांद्यावर घेतलं आणि धावत घरी आणलं. तुझा श्वास माझ्या कानाशी लागला होता. तू म्हणत होता, "झालं, झालं, काही नाई, झालं."

आईनं विचारलं, "कशी पडली?"

मामा, मी तेव्हा लहान होती असं लोक म्हणतील. पण मला सगळं कळत होतं. हात मी ओढला असं म्हटलं तर आई मला बोलणार, हे कळत होतं. आणि तुझा राग आला होता, बकरीसारखी सगळ्यांसमोर फिरवली म्हणून. मी म्हटलं, "मामानं ढकललं."

तू दारात उभा होता, कोपरापर्यंत चिखल. तू माझ्याकडं पाहिलं. मी आईच्या पदरात तोंड घातलं. मग मला तुझा आवाज ऐकू आला.

"हो ताई. माही चूक झाली."

"माह्या पोरीले मी मरणाच्या दारातून आणली, आन् तू ढकलून देतं? आजपासून माह्या दारात पाय ठेवू नको."

तू पाय ठेवला नाही. चौथ्या दिवशी सकाळी रस्त्यावर सायकलची घंटी वाजली. एकदा. मी खाटेवर प्लास्टर घेऊन बसली होती. फाटकाबाहेर तू, सायकलवर एक पाय टेकवून. तू हातानं खूण केली, ऊठ. मी उठली. घंटी दोनदा वाजली. तू खूण केली, बस. मी बसली. परत एकदा, परत दोनदा. दहा वेळा झालं आणि तू पायडल मारून निघून गेला. एक शब्द नाही. आईनं दारात पाय ठेवू नको म्हटलं होतं, रस्त्यावर घंटी वाजवू नको असं तर म्हटलं नव्हतं.

रोज यायचा तू, पाळी बदलली की वेळ बदलायची. आई आतून ऐकायची. भांडी जोरानं आपटायची.

एकदा आई दुकानात गेली तेव्हा मी फाटकापर्यंत चालत आली. म्हटलं, "मामा, मी आईले खोटं सांगतलं."

"बरं केलं."

"कसं बरं केलं?"

"तू आपल्या पायानं पडली म्हटलं असतं, तर ताईनं तुले खाटेवरून खाली उतरू नसतं देल्लं. आता दोष माहा होय, पायाचा नोय. पाय चालू ठेव."

"मी सांगते आईले."

"सांगजो मंग कधी. पहिले टाचेवर चालून दाखव."

मी टाचेवर चालून दाखवलं. चार पावलं. तू टाळी वाजवली. आणि मला सुटका झाल्यासारखं वाटलं. मामानंच सांगितलं, मग कधी. ते "मग कधी" मी सहा वर्षं ताणलं.

त्या वर्षी राखीच्या दिवशीही तू आला. घंटी वाजली. मी उठली. तुझ्यासोबत प्लांटचे आणखी दोघं जण सायकलवर होते, त्यांच्या हातात दोन-दोन राख्या. तुझं मनगट रिकामं. आईनं तुझ्यासाठी राखी आणलेली होती, मला माहीत होतं, देव्हाऱ्याजवळच्या फळीवर कागदात ठेवली होती. ती आत पुऱ्या लाटत होती. घंटी वाजली की बेलणं थांबायचं, मग परत सुरू व्हायचं. एक वाक्य बोलली असती तर आई तशीच पिठाच्या हातानं धावली असती. मी दहा वेळा उठली, दहा वेळा बसली, आणि गप राहिली.

पुढच्या वर्षी आईनं तुला घरात घेतलं, कारण तोवर मी एकटी रस्त्यापर्यंत जाऊन येत होती. राखी बांधताना ती म्हणाली, "झालं गेलं. मी माफ केलं तुले." तू मान खाली घालून म्हणाला, "हो ताई." आरतीचं ताट माझ्या हातात होतं.

आता आपलं शेवटचं भांडण. तू रविवारी फोन केला होता. तुझ्या गावातली समीक्षा, दहा वर्षांची, तिलाही हाच रोग झाला, तीही बरी होऊन आली, तिच्याही पायाची तीच गत. मॅडमचा कागदही तसाच. पण तिची आई तिला खाली पाय टेकू देत नाही.

"पोळ्याले येशीन तं तिच्या अंगणात एक चक्कर चालून दाखव. काही बोलू नको. फक्त चाल."

"मी काय जत्रेतली होय का, चालून दाखवाले?"

"तुले पाहून तिच्या आईले धीर येईन वैशू. माहं कोणी आयकत नाई. माहं नाव खराब आहे ना, पोट्ट्या ढकलतो मी." असं म्हणून तू हसला.

तू माझ्या खोट्यावर हसला. आणि मी काय म्हटलं? "माह्या रोगाचं नाव कोणासमोर घेऊ नको, मामा. तुह्यामुळे आधीच साऱ्या गावानं मले पडताना पाह्यलं."

 तू विचारलं, "जेवली का?" मी फोन कापला. त्याच महिन्यात प्लांटच्या सायकल स्टँडवर तुझ्या छातीत दुखलं.

दोन रात्रींच्या प्रवासानं मी पोचली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. मामीकडं पाहवत नव्हतं. आई तिच्याजवळ बसून होती आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला एकच गोष्ट सांगत होती. "मी एका डावच बोलली त्याले, पोरीले ढकललं तवा. पण माफ केलं होतं मी. मनात काही ठेवलं नाई." बाया म्हणायच्या, "तेच चांगलं केलं बाई." आणि आईला जरा बरं वाटायचं. मी ते दिवसातून पाच-सहा वेळा ऐकायची. सांगायचं तर आईजवळ हे जे एवढं समाधान राहिलं होतं तेच हिसकावून घ्यायचं. आणि नाही सांगायचं तर तू कायमचा ढकलणारा. मी तुझ्या तेरवीपर्यंत गप होती, मामा. माझ्या भित्रेपणाची मला सवय झाली आहे.

तेरवीच्या दिवशी मी पंगतीत वरण वाढत होती. समीक्षाला तिच्या वडिलांनी उचलून आणलं. दहा वर्षांची पोरगी, तान्ह्या लेकरासारखी कडेवर. खुर्चीवर बसवली तर पाय लोंबत होते, पंजे खाली झुकलेले. मला ते पंजे ओळखू आले. तिची आई मामीला म्हणत होती, "भाऊ मले सांगत होते, माही भाची येईन, चालून दाखवीन. कुठं आहे ती?" मामीनं इकडंतिकडं पाहिलं. मी बादली घेऊन त्यांच्यासमोरूनच चालली होती, चप्पल फटफट वाजत होती. समीक्षानं माझ्या पायाकडं पाहिलं, मग तोंडाकडं. मी वरणाची बादली ठेवली आणि घराच्या मागं गेली. आई तिथं भांडी काढत होती.

"आई, मामानं नोतं ढकललं."

"काय म्हणतं?"

"हात मी वढला. त्यानं तं धरला होता."

आईच्या हातातली परात तशीच राहिली. मी सगळं सांगितलं, फाटकाजवळचं बोलणंही, तू काहून गप राहिला तेही. ती मला मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मंग मी कायची माफी देल्ली त्याले?"

मी तिच्या हातातली परात घ्यायला गेली, तिनं सोडली नाही.

"राखीले तो भाहीर उभा होता."

"हो."

"घंटी वाजवत होता."

"हो आई."

तिनं परात खाली ठेवली आणि आत गेली. त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही, बायांनाही माफीची गोष्ट सांगितली नाही. तिची बोलायची गोष्टच संपली होती. ती मी संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या अंगणातल्या खाटेवर बसली होती. घंटी वाजली. एकदा.  पाहते तर तुझी सायकल फाटकाबाहेर, आणि आई हँडल धरून उभी. माझ्याकडं पाहत नव्हती. मी उठली. तिनं चाचपडत परत अंगठा दाबला, दोनदा. मी बसली. ती रडत नव्हती, मामा. घंटी किती जोरानं दाबावी लागते ते शिकत होती.

मग म्हणाली, "चाल. त्या पोरीच्या घरी."

समीक्षाच्या अंगणात तिची आई होती, शेजारच्या दोन बाया होत्या. मी म्हटलं, "मी वैशाली. मलेबी ब्लड कॅन्सर झाला होता." माझ्या नावाला लागून हा शब्द मी पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. आवाज बारीक निघाला, पण निघाला. "मले माह्या मामानं चालवलं. ढकललं नोतं त्यानं. मी खोटं बोलली होती." मग मी चालली. टाचेवर इकडून तिकडं, मग साधी. एका शेजारणीनं तोंडाला पदर लावला. समीक्षा म्हणाली, "तुही चप्पल वाजते."

"वाजते. दिवसभर उभी राहते मी तिच्यावर."

आई आत आली नव्हती. ती रस्त्यावरच उभी राहिली, तू उभा राहायचा तशी, सायकल धरून. तिनं एकदा घंटी वाजवली. समीक्षानं आपल्या आईकडं पाहिलं. तिची आई दोन्ही हात पुढं करून तयार राहिली. पोरगी खाटेची पाटी धरून चार बोटं वर उठली आणि धपकन बसली, दोन घंट्या वाजायच्या आधीच. तू असता तर म्हणाला असता, हाफ पाळी. मी म्हटलं. ती हसली आणि परत पाटी धरली.

मामा, मी वरठीच्या स्टेशनवर बसून हे लिहून राहिली. आई पोचवायला आली आहे, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली आहे. अजून माझ्याशी पुरती बोलत नाही, पण डब्यात भाकरी बांधून दिल्या आहेत. आता उद्यापासून पाळीला आपण स्वतः घंटी वाजवायला जाणार, असं तिनं समीक्षाच्या आईला परस्पर सांगून टाकलं. यातलं काहीच तुला दिसणार नाही आणि मी कितीही लिहिलं तरी राखीच्या दिवशीचं तुझं मनगट भरणार नाही, हे मला कळते.

गाडी आली की दोन रात्रींनी तिरुपूर. खोलीत सबिता असेल. ती विचारेल, मामा का सब ठीक से हो गया? तिला माझी सगळी गोष्ट सांगायची आहे, रोगाच्या नावासकट. ताट वेगळं ठेवलं तर ठेवलं.  पहिलं वाक्य मी तयार करून ठेवलं आहे आणि या वेळी मला कोणाला शब्द विचारावा लागला नाही. मामा ने धक्का नहीं दिया था. हाथ पकड़ा था.